वलयं विरेपर्यंत: टेक्सासच्या तळ्यावर पॉपरने ब्लूगिल

पॉपर, म्हणजे तरंगणारं छोटं नकली आमिष, पाण्यावर पडतो, भोवती वलयं उठतात, आणि ती पूर्ण विरेपर्यंत हात हलवायचा नाही. नवा माणूस बहुतेक मासे याच दहा-पंधरा सेकंदांत घालवतो. आमिष पडलं की ते ओढावं, नाचवावं असं वाटतं, आणि बास हा मोठ्या तोंडाचा शिकारी मासा पकडणाऱ्यांची तशी सवयच झालेली असते. ब्लूगिलची रीत वेगळी. तो खालून वर येतो, आमिषाच्या चार-सहा इंच खाली जागच्या जागी पर हलवत उभा राहतो, निरखतो आणि मग तोंड उघडून किडा पाण्यासकट आत ओढून घेतो. तोंडही केवढं, तर करंगळीचं टोक जेमतेम जाईल एवढं. लहान तोंड आणि निरखून खाण्याची खोड, एवढ्या दोन गोष्टींवरून पुढचं सगळं ठरतं: गळाचा नंबर, पॉपरच्या रबरी पायांची लांबी, दोरीची जाडी, काठी कधी उचलायची ती वेळ.

ब्लूगिल हा सनफिश कुळातला गोड्या पाण्यातला मासा, तळहाताएवढा आणि चपटा. कोकण-गोव्याच्या माणसाने काळुंदर डोळ्यांसमोर आणावा, अंगलट साधारण तीच. मूळचा तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला. टेक्सासात शेततळ्यापासून मोठ्या धरणापर्यंत तो सगळीकडे सापडतो. दक्षिणेत त्याला आणि त्याच्या भाऊबंदांना सरसकट ‘ब्रिम’ म्हणतात, उत्तरेत ‘पॅनफिश’, म्हणजे तव्यात अख्खा मावेल असा. ओळखायचा तो कानावरून. कल्ल्याच्या झाकणामागे बाहेर आलेला तो ‘कान’ काळा कुळकुळीत असतो, कडेला दुसरा रंग नसतो. शिवाय पाठीच्या पराच्या मागच्या टोकाला एक काळसर डाग असतो. कानाच्या कडेला लाल-केशरी कोर दिसली तर तो रेडइअर. तो गोगलगायींचे शंख फोडून खाणारा, तळाशी वावरणारा, पॉपरकडे क्वचितच बघतो. तोंड मोठं आणि गालावर निळसर-हिरव्या नागमोडी रेघा असतील तर ग्रीन सनफिश. तो मात्र हावरट, वलयं विरायची वाटच बघत नाही. सहा-सात इंचांचा ब्लूगिल नेहमीचा, नऊ इंचांचा मित्रांना सांगण्याजोगा. जागतिक विक्रम अलाबामातल्या केटोना तळ्यातला, १९५० सालचा, ४ पौंड १२ औंसांचा. तो आकडा घरी ठेवूनच निघावं.

हंगाम कॅलेंडरवर बघू नये, पाण्यात बघावा. दोरीला बांधलेला थर्मामीटर काठापासून थोडा आत, फूटभर खोल, दोन मिनिटं सोडायचा. साठ अंश फॅरनहाइटच्या खाली ब्लूगिल वर यायला नाखूश असतो. अशा वेळी पॉपर म्हणजे वेळ घालवणं आहे, सरळ बुडणारी माशी, म्हणजे गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेला नकली किडा, बांधावी. पासष्टच्या पुढे हालचाल सुरू होते, आणि सत्तरच्या आसपास, म्हणजे २१ अंश सेल्सिअसला, नर उथळ पाण्यात येऊन घरटी करू लागतात. मध्य टेक्सासात हे एप्रिलात सुरू होतं आणि उन्हाळाभर अधूनमधून चालू राहतं. सगळ्यात भरवशाचा महिना मे. त्या दिवसांत सूर्य सव्वाआठच्या सुमाराला मावळतो. म्हणून साडेसहाला तळ्यावर पोहोचलं तरी पुरतं. जुलै-ऑगस्टच्या दुपारी मात्र वरचं पाणी इतकं तापतं की मोठे मासे खोल जातात. तेव्हा पहाटेचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा, एवढंच हातात असतं.

परवान्याचं आधी बघून घ्या. टेक्सासात वयाच्या सतराव्या वर्षापासून मासेमारीचा परवाना लागतो. नेहमीचा वार्षिक परवाना कधीही घेतला तरी ३१ ऑगस्टला संपतो, त्यामुळे तो जुलैत घेणं परवडत नाही. पण स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. ऑस्टिनहून इंक्स लेकसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. काही पार्कांत साधी स्पिनिंग काठी उसनीही मिळते. सबडिव्हिजनमधलं तळं मात्र सोसायटीच्या मालकीचं असतं, तिथे पाटी वाचल्याशिवाय डबा उघडू नये.

आता सामान. चार वेटची फ्लाय रॉड, साडेसात ते साडेआठ फुटांची, आणि पाण्यावर तरंगणारी वेट-फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या टोकाकडे जड, लाइन. फ्लाय रॉडने हलकं आमिष या जाड लाइनच्या वजनानेच फेकलं जातं, आणि ‘वेट’ हा त्या वजनाचा क्रमांक. तीन वेटवर मासा जास्त रंगतो खरा, पण पॉपर हवेला अडतो आणि हलकी लाइन त्याला पुढे नेत नाही. वारा असला तर पाच वेट घ्यावी. लाइनच्या पुढे बांधायची निमुळती पारदर्शक दोरी, म्हणजे लीडर, साडेसात फुटी, टोकाला ४एक्स. या ‘एक्स’चं गणित सोपं आहे: अकरातून तो आकडा वजा केला की एक हजारांश इंचांत जाडी मिळते, म्हणजे ४एक्स सात हजारांश इंच. टिपेट, म्हणजे लीडरचा शेवटचा बारीक तुकडा, नायलॉनचाच हवा. दुकानदार फ्लुरोकार्बन दाखवतो, कारण तो पाण्यात कमी दिसतो आणि महाग असतो. पण तो नायलॉनपेक्षा बराच जड असल्यामुळे बुडतो, आणि दोरी ओढली की पॉपरचं नाक खाली खेचतो.

फ्लाय रॉड नसेल तर अडून बसू नये. साडेपाच-सहा फुटांची अल्ट्रालाइट स्पिनिंग काठी, चार पौंडी नायलॉन, त्यावर अर्धा पाण्याने भरलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा फुगा आणि फुग्याच्या पुढे तीन फुटांवर पॉपर. भरलेल्या पाण्याच्या वजनाने फेक लांब जाते. फुगा धप्पकन पडतो ही एक अडचण, म्हणून तो माशांच्या पलीकडे टाकून हळूहळू आणायचा. याहून साधी रीत कोकणातल्या ओढ्याकाठी सगळ्यांनी पाहिलेली आहे: दहा-बारा फुटांची बांबूची काठी, टोकाला काठीएवढीच दोरी आणि तिच्या टोकाला गळ. असं गरवणं पॉपरलाही उत्तम जमतं. पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांखाली पॉपर नुसता टेकवायचा आणि उचलायचा. तिथे फ्लाय लाइन पोहोचतच नाही.

पॉपर म्हणजे बुचाचा, बाल्साचा किंवा फोमचा छोटा ठोकळा, मागे पिसांची शेपटी, बाजूंना रबरी पाय. बुचाचा पॉपर लोकप्रिय करण्याचं श्रेय टेनेसीतल्या चॅटानूगाच्या पेकिनपॉ यांना देतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातलं. पुढचं तोंड खोलगट असेल तर ओढल्यावर ‘ब्लुप’ असा आवाज येतो. निमुळतं असेल तर तो स्लायडर, आवाज न करता सरकणारा. पाणी आरशासारखं असेल तेव्हा स्लायडर, बारीक लाटा असतील तेव्हा पॉपर. गळाचा नंबर आठ ते बारा, आणि या नंबरांत आकडा वाढला की गळ लहान होतो. मी दहापासून सुरू करतो. आठला छोटे मासे लागत नाहीत हा फायदा आहे, पण चांगले सात इंचीही निसटतात.

दुकानातला पॉपर पाकिटातून काढून थेट बांधला तर त्याचा अर्धा उपयोगही होत नाही. पहिली गोष्ट, गळाच्या नेढ्यात रंग वाळून बसलेला असतो. तो सुईने टोचून घरीच साफ करावा. तळ्यावर अंधुक उजेडात, डास चावत असताना ते काम होत नाही. दुसरी, रबरी पाय. ते दोन-दोन इंच लांब ठेवलेले असतात, कारण पाकिटात ऐटदार दिसतात. ब्लूगिल त्या पायाचं टोक धरतो, ओढतो आणि सोडून देतो. पाय अर्ध्या-पाऊण इंचावर कापावेत, गळाच्या वळणापलीकडे जाता कामा नयेत. शेपटीची पिसंही तशीच आखूड करायची. तिसरी, गळाचं टोक आणि पॉपरचं पोट यांच्यातलं अंतर. ठोकळा जाड असला तर तो ही फट भरून टाकतो, आणि मासा तोंड मिटतो ते ठोकळ्यावर, टोकावर नव्हे. फोम असेल तर ब्लेडने पोटाखालून एक-दोन मिलिमीटर तासून घ्यावा. बुचाचा रंग तासला तर बूच पाणी पितं, तिथे नेलपॉलिशचा हात द्यावा. शेवटी पक्कडीने गळाचा काटा दाबून टाकायचा. मागे वळलेला तो काटा नसला तर मासे सुटतात असं म्हणतात. दोरी ताणलेली असेल तर सुटत नाहीत, आणि दोरी सैल सोडणाऱ्याचे काट्यासकटही सुटतात.

गाठ साधी क्लिंच, पाच वेढे, आवळण्याआधी थुंकीने ओली केलेली. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून नायलॉन कमजोर होतं. पॉपर अधिक मोकळा हलावा असं वाटत असेल तर न आवळणारी फासगाठ घालावी. दहा नंबरच्या पॉपरला फरक पडतो, बारीक फोमच्या कोळ्याला, म्हणजे कोळ्यासारख्या नकली आमिषाला, फारसा पडत नाही.

डासांचं औषध लावताना एक ध्यानात ठेवायचं. डीट असलेलं औषध प्लॅस्टिक विरघळवतं. बोटांना लागलेलं डीट फ्लाय लाइनच्या आवरणाला चिकटपणा आणतं, गॉगलची काच धूसर करतं. ते तळहाताच्या मागच्या बाजूने चोळावं, किंवा पिकॅरिडिनचं औषध घ्यावं. गवतात पाय ठेवण्याआधी फायर अँटचं वारूळ आहे का ते बघायचं, आणि पाण्याच्या कडेच्या लाकडांवर कॉटनमाउथ साप. तो विषारी आहे आणि आपल्यासाठी बाजूला होईलच असं नाही.

तळ्यावर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं काठी पिशवीतच ठेवावी. पोलराइज्ड गॉगल घालून, सूर्य पाठीशी ठेवून काठाने हळू चालायचं. घरटी दोन ते चार फूट पाण्यात, वाळू-खडीच्या तळावर असतात: फूटभर रुंदीच्या फिकट गोल थाळ्या, एकीला एक खेटून, पंगत मांडावी तशा. नर शेपटीने गाळ उडवून ती साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पुढे राखणीला नरच थांबतो. उजनीच्या पाण्यात चिलापीचे नरही तळात खळगे करतात, पण तिथे अंडी मादी तोंडात घेऊन फिरते. ब्लूगिलचा नर मात्र अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंत जागा सोडत नाही आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. त्यामुळे घरट्यावरून नेलेला पॉपर तो भुकेने घेतो असं नाही, हुसकावण्यासाठीही घेतो. म्हणूनच मेमध्ये हे मासे सोपे वाटतात.

घरटी नसली तर पाणवनस्पतींची कड, धक्क्याची सावली, पाण्यावर झुकलेलं झाड. वारा काठावरून पाण्याकडे वाहत असेल तर त्या काठाजवळचं पाणी शांत राहतं आणि झाडावरचे किडेही तिथेच पडतात. एप्रिल-मेमध्ये तुतीचं झाड पाण्यावर फळं टाकत असेल तर पुढे जाऊच नये. टप टप पडणाऱ्या आवाजाला तिथले मासे सरावलेले असतात.

जागा ठरली की काठापासून आठ-दहा फूट मागे उभं राहायचं. पहिली फेक पायाजवळच्या पाण्यात, काठाला समांतर. बहुतेक जण सगळ्यात लांबून सुरुवात करतात आणि जवळचे मासे लाइनच्या सावलीने उधळून लावतात. पंचवीस-तीस फुटांची फेक पुष्कळ झाली. पॉपर जड नसतो पण हवेत अडतो, म्हणून हाताची लय एरवीपेक्षा संथ हवी, मागची लाइन पूर्ण सरळ होऊ द्यायची, हवेत लाइनचा होणारा फास रुंद ठेवायचा. चाबकासारखा ‘फट्’ आवाज आला तर समजा टिपेटवर घाव बसला, दोन-तीन वेळा झाला की पॉपर हवेतच तुटून जातो. मागे झाडं असतील तर रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पुढे गुंडाळत टाकलेली फेक. लीडर गुंडाळ्यांच्या आकारात पडत असेल तर हाताने ताणून सरळ करून घ्यावा, कारण त्या वेटोळ्यांतलाच ढिलेपणा पुढे मासा चुकवतो.

पॉपर पडला. वलयं पसरताहेत. काठीचं टोक पाण्याला टेकेल इतकं खाली, लाइन उजव्या हाताच्या तर्जनीखाली, डाव्या हातात तिचा मागचा भाग. आता मोजायचं, पंधरापर्यंत. मोठा ब्लूगिल आवाजाने आधी दोन हात दूर पळतो आणि मग कुतूहलाने परत येतो. हे पाणी स्वच्छ असेल तिथे डोळ्यांनी दिसतं. तो परत येतो नेमका सातव्या-आठव्या सेकंदाला, आणि घाईवाल्याचा पॉपर तेव्हा तिथे नसतो. पंधरा झाले की डाव्या हाताने दोन इंच ओढ. काठीने नाही. काठी उचलून पॉपर हलवला की तिचं टोक खाली आणताना दोरीत झोळ पडतो, आणि मासा नेमका त्याच क्षणी घेतो. पाय थरथरले, बारीक ‘ब्लुप’ झालं, एवढं पुरे. पुन्हा थांबा, या वेळी दहा. तिसऱ्यांदा हलवून काही झालं नाही तर तिथून उचलून तीन फूट बाजूला. घरट्यापासून पाच-सहा फूट पुढे आला की पॉपरला सहसा कोणी हात लावत नाही, त्याला पार काठापर्यंत आणत बसायचं कारण नाही.

घेण्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. जिभेने ‘च्यक’ करावं तसा. पाणी उडवणारे, उसळी मारणारे बहुतेक चार इंची पोरटे असतात. मोठा नर पाणी फारसं हलवत नाही. पॉपर असतो आणि मग नसतो, जागेवर एक बुडबुडा. काठी उचलायची ती पॉपर दिसेनासा झाल्यावर, आणि तीही झटका न देता, ताटावरची माशी उठवावी इतक्याच जोराने, डाव्या हाताने लाइन ओढत. दहा नंबरचा बारीक, धारदार गळ त्या ओठात शिरायला जोर लागत नाही. जोर लावला तर पॉपर पाण्यातून उडून आपल्याच टोपीत येतो. याहून फसवा प्रसंग म्हणजे मासा पॉपरला नाक लावून उभा राहतो. दिसतं सगळं, आणि हात सळसळतो. त्या वेळी अजिबात हलवू नये. चार-पाच सेकंद तसेच गेले आणि तो मागे सरकू लागला, तर लाइनला बोटाने फक्त टिचकी, पाय हलतील एवढीच.

आवाज येतोय आणि गळाला काहीच लागत नाही, ही नेहमीची तक्रार. तिची कारणं चार-पाच आहेत आणि त्यांचा क्रम लावून तपासलं तर उत्तर मिळतं. आधी पॉपर हातात घेऊन पाय बघा. एखादा पाय तुटलेला किंवा लांब ओढला गेलेला असेल तर छोटे मासे टोकं चावताहेत. पाय आणखी कापा किंवा बारा नंबरवर या. पाय शाबूत असतील तर गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून हलकेच ओढा. अडलं तर धार आहे, घसरलं तर दगडावर आपटून बोथट झालंय, कानशीचे दोन हात द्या. धार ठीक असेल तर दोष बहुधा आपल्या हातांत. एकतर लाइनमध्ये झोळ राहतोय, नाहीतर आवाज ऐकताच काठी उचलली जातेय. आवाज आणि तोंड मिटणं यांत निमिषाचं अंतर असतं. बघून उचला, ऐकून नव्हे.

मासा येतो, बघतो, परत जातो, असं तीनदा झालं तर पॉपर त्याला पटलेला नाही. रंग बदलण्याआधी आकार बदला. रंगांच्या डब्याबद्दल लोक भांडतात, आणि पिवळा, काळा, हिरवा असे तीन रंग असले की मला चौथ्याची गरज पडलेली नाही. बारा नंबरचा फोमचा कोळी, ५एक्स टिपेटवर, बहुतेक वेळा हा प्रश्न सोडवतो. कोळ्याचे पाय विषम कापले गेले तर तो हवेत गरगरतो आणि टिपेटला पीळ पडतो. दोन्ही बाजू मोजून सारख्या कराव्यात. ओढल्यावर पॉपर बुडी मारत असेल तर लाइनचं टोक तपासा. तळ्यातलं शेवाळ आणि पृष्ठभागावरचा तेलकट थर आवरणावर बसला की टोकाचे दोन-तीन फूट बुडू लागतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यातून लाइन ओढून घेतली की ती पुन्हा तरंगते. टिपेटवर आपोआप बसलेली बारीक गाठ दिसली तर ती सोडवत बसू नये. तिने ताकद बरीच कमी केलेली असते, कापून नवा तुकडा बांधावा.

दोन-तीन मासे मिळाले आणि सगळं थंडावलं, तर जागा संपली असं समजून निघू नका. वीस फूट पुढे जाऊन दहा मिनिटांनी परत या. घरट्यांची पंगत असेल तर कडेचे मासे आधी काढावेत, मधला लागला की त्याची धडपड सगळ्यांना सावध करते.

वर कोणीच येत नाही आणि खाली मासे दिसताहेत, अशा वेळी पॉपरच्या गळाच्या वळणाला अठरा ते चोवीस इंच ५एक्स बांधून खाली बारा नंबरची निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी बुडणारी माशी, सोडायची. तिच्या डोक्याचा मणी दोन मिलिमीटरहून मोठा नको, नाहीतर पॉपर बुडतो. आता पॉपर आमिष कमी आणि बोया जास्त. तो थबकला, आडवा सरकला, की उचला. हे जोडकाम गुंतण्यात पटाईत आहे. फेकताना फास रुंद ठेवला आणि हवेत फेऱ्या कमी केल्या तरच निभतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मासे याने जास्त मिळतात आणि मजा कमी येते.

लागलेला ब्लूगिल अंग आडवं करून गोल गोल फिरतो, त्या चपट्या अंगावर पाण्याचा सगळा रेटा येतो, म्हणून सात इंची मासा वजनापेक्षा कितीतरी जड लागतो. काठी वाकलेली ठेवून त्याला वनस्पतींपासून दूर वळवा, बाकी घाई नाही. अधूनमधून एखादा बास पॉपर घेतो. रीलचा ब्रेक सैल असेल तर ४एक्सवर दोन-तीन पौंडांपर्यंतचा बास निघतो, लाइन बोटाने घट्ट धरली तर तुटतो.

हात आधी ओला करायचा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तळवा डोक्याकडून मागे सरकवत पाठीच्या पराचे काटे आडवे दाबून पकडायचं. उलट दिशेने धरलं तर ते काटे तळव्यात शिरतात. फोर्सेप्सने गळाचा दांडा धरून आल्या वाटेने उलटा फिरवला की तो निघतो. फोमचा कोळी कधी खोल गिळला जातो. कल्ल्यांपाशी खुडबुड करण्यापेक्षा टिपेट जवळ कापून मासा सोडावा.

कोणता ठेवायचा याबद्दल माझं मत ठाम आहे: घरट्यावरचा मोठा, केशरी छातीचा नर परत. तो नसला तर त्याच्या घरट्यावर इतर मासे तुटून पडतात आणि अंडी संपवतात. एवढंच नाही. मोठे नर सतत काढले गेले की लहान नर कमी वयातच जननक्षम होतात, त्यांची वाढ तिथेच खुंटते, आणि काही वर्षांत तळं पाच इंची माशांनी भरून जातं. इलिनॉयमध्ये याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. टेक्सासात ब्लूगिलला संख्येची मर्यादा नाही, विस्कॉन्सिनमध्ये सर्वसाधारण मर्यादा सगळे पॅनफिश मिळून दिवसाला पंचवीस आहे. कायदा काहीही म्हणो, दोन माणसांच्या ताटाला सहा-सात इंची आठ मासे पुरतात. सबडिव्हिजनच्या तळ्यातले मात्र खाऊ नयेत, हिरवळीवर मारलेली सगळी औषधं पावसाबरोबर तिथेच येतात.

आणि जिवंत मासे बादलीतून दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडायचे नाहीत, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. तिथून ते देशभर पसरले, बिवा सरोवरातल्या मूळच्या माशांच्या मुळावर उठले, आणि तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ साली त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

ठेवलेले मासे लगेच बर्फात. उन्हाळ्यात बादलीतल्या पाण्यात ठेवले तर तासाभरात मांस मऊ पडतं. घरी खवले शेपटीकडून डोक्याकडे चमच्याने खरवडून, पोट साफ करून, डोकं काढून, दोन्ही बाजूंना तीन-तीन चिरा. आगळ, मीठ, हळद, तिखट, लसूण लावून वीस मिनिटं. मग रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं, मध्यम आचेवर बाजूला चार मिनिटं. काटे आहेत, पण चिरा नीट दिलेल्या असल्या तर मांस त्यांच्यावरून सहज सुटतं.

सूर्य गेल्यावर अर्धा तास उरतो, आणि तो फुकट घालवू नये. पिवळा पॉपर काढून काळा बांधायचा. खालून वर बघणाऱ्या माशाला उरलेल्या उजेडाच्या आकाशावर काळी आकृतीच ठळक दिसते. आपल्याला मात्र तो दिसत नाही. म्हणून फेक वीस फुटांवर आणायची, लाइन सतत हलकीशी ताणलेली ठेवायची, आणि एवढा वेळ जे करू नका म्हटलं ते आता करायचं: ‘च्यक’ ऐकून, एक मोजून, उचलायचं. वटवाघळं उडायला लागली की फेकणं थांबवावं, ती कधी हवेतल्या माशीवर झेपावतात.

घरी आल्यावर पॉपरचा डबा रात्रभर उघडा ठेवायचा. ओला बंद केला तर गळ गंजतात, आणि गंजलेला गळ नेढ्यापाशी तुटतो. लीडरचं टोक दोन फूट कापून टाकून नवा टिपेट तेव्हाच बांधून ठेवला की पुढच्या वेळी उजेडातला वेळ गाठीत जात नाही.